थंड कॉफीला चेन्नईचं डिकॉक्शन

चेन्नईत कॉफी म्हणजे गरमच, हे वेगळं सांगावं लागत नाही. मे महिन्यात ‘अग्नी नक्षत्रम’ लागतं, पारा ४० च्या वर जातो, दुपार कलली तरी समुद्रावरचा वारा शहरात शिरायचं नाव घेत नाही. अशा वेळीही मैलापूरच्या खानावळीत माणसं डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरात आणि टंबलरातून डबऱ्यात वाफाळती कॉफी खालीवर करत बसलेली असतात. इथे घरी थंड कॉफी करण्याचा विषय काढला की जुनी मंडळी विचारतात, कशाला? तरुण मंडळी विचारतात, मशीन कुठलं घेतलं? या दोन प्रश्नांच्या मधे एक साधी गोष्ट हरवते. थंड कॉफीला सगळ्यात आधी लागते ती थोडक्या पाण्यात उतरलेली दाट कॉफी, आणि ती या शहरात असंख्य स्वयंपाकघरांत रोज सकाळी तयार होतेच. इटालियन यंत्राची त्यासाठी गरज नाही. मात्र त्याच दाट कॉफीकडून, म्हणजे डिकॉक्शनकडून, वर फेसाचा डोंगरही मागितला, तर ते हात वर करतं. बर्फाची कॉफी आणि फेसाची कॉफी हे दोन निराळे पदार्थ आहेत आणि त्यांना कॉफीही निराळी लागते. पाककृतींच्या गर्दीत एवढंच सांगायचं राहून जातं.

आपल्या मराठी घरांत कोल्ड कॉफीची कल्पना वेगळ्या वाटेने ठरली. दूध, साखर, इन्स्टंट पूड, बर्फ आणि मिक्सर; पाहुणे असतील तर वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. कोथरूडला ‘दुर्गा’ची कोल्ड कॉफी पिऊन मोठी झालेली पोरं नोकरीसाठी चेन्नईला येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात तोच दाट, गोड, फेसाळ पेला असतो. खरं तर तो कॉफीच्या चवीचा मिल्कशेक. त्यात वाईट काही नाही, मलाही आवडतो. पण त्यात कॉफी कुठली घातली याने फारसा फरक पडत नाही, कारण साखर आणि आइस्क्रीम मिळून बाकी सगळ्यांना गप्प करतात. चेन्नईच्या घरात प्रश्न नेमका उलटा असतो. कॉफी उत्तम आहे; ती थंड करूनही कॉफीच कशी राहील?

इतिहासात थोडं डोकावलं तर मजा वाटते. कॉफी येण्याआधी तमिळ घरांत सकाळी प्यायलं जायचं ते नीरागारम, म्हणजे रात्रीच्या भातावरचं आंबूस, गार पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मध्यमवर्गीय, विशेषतः ब्राह्मण घरांत कॉफीने त्याला हळूहळू बाजूला सारलं. त्यावर त्या काळी बरीच टीकाही झाली. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी या स्थित्यंतरावर सुरेख लिहिलं आहे. म्हणजे गार पेय हटवून गरम पेय आलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण त्या गरम पेयात बर्फ घालायला निघालोय. बर्फाचं म्हणाल तर तोही याच शहरात फार आधी पोहोचला होता. मरीना किनाऱ्यासमोरचं गोलाकार विवेकानंदर इल्लम १८४२ च्या सुमारास बांधलं गेलं ते ट्यूडर कंपनीचा बर्फ साठवण्यासाठी. बोस्टनच्या आसपासच्या तळ्यांतून कापलेले ठोकळे लाकडाच्या भुश्शात गुंडाळून जहाजातून येत. १८३३ साली कलकत्त्याला गेलेल्या पहिल्या जहाजात १८० टन बर्फ चढवला होता, पोहोचला जेमतेम १०० टन. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही ठिकाणी अशी बर्फघरं होती. उभं राहिलं ते एकट्या मद्रासचं. पुढे १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले म्हणून आजचं नाव, तरी त्या भागाला लोक अजून ‘आइस हाउस’च म्हणतात. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. गार खाल्लं की घसा धरतो, ही आपली समजूत तेव्हापासूनची की त्याच्याही आधीची, कोण जाणे.

बर्फाचा हिशेब मात्र समजुतीवर चालत नाही. थंड कॉफी पाणचट झाली की लोक कॉफी वाढवतात. खरा घोळ वितळलेल्या बर्फात असतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्यापर्यंत यायला आणि त्याचं पाणी आणखी पाच अंशांपर्यंत जायला थोडी उष्णता लागते, ती धरून ९२-९३ म्हणू. आता १०० मिलि कॉफी ८० अंशांवरून ५ अंशांवर आणायची तर ७५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे जवळपास ८० ग्रॅम बर्फ वितळणार. १०० मिलि कॉफीत ८० मिलि पाणी! तीच कॉफी आधी ओट्यावर ठेवून चेन्नईच्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३२ अंशांवर येऊ दिली तर वितळणारा बर्फ ३० ग्रॅमच्या आत येतो. फ्रीजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणली तर जेमतेम ३ ग्रॅम. गरम कॉफीवर बर्फ ओतणारी पाककृती बिघडते ती इथेच. कॉफी आधी गार करावी, बर्फ शेवटी घालावा आणि तो फक्त गारवा टिकवण्यापुरता असावा, एवढं पाळलं की अर्धी लढाई संपते.

आता मुख्य मालाकडे येऊ. दाक्षिणात्य फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, वर दांडीची चकती, खाली डिकॉक्शन जमायला जागा. वरच्या भांड्यात तीसेक ग्रॅम पूड, म्हणजे तीन मोठे चमचे शीग लावून. पूड हलकेच सपाट करायची आणि चकतीने नुसती दाबून धरल्यासारखी करायची, ठेचायची नाही. मग उकळी फुटून जरासं निवलेलं १५० मिलि पाणी कडेकडेने गोल फिरवत ओतायचं आणि झाकण लावायचं. पूड आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ९० मिलिच्या आसपास उतरतं. हे व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. घाई करून फिल्टरला टिचक्या मारणारे लोक मी पाहिलेत. थेंब लवकर पडतात, पण त्यांच्याबरोबर गाळही उतरतो. गरम कॉफीत तो तळाशी बसून जातो. थंड कॉफीत बर्फाबरोबर ढवळला जाऊन जिभेवर वाळूसारखा लागतो.

हे पहिलं डिकॉक्शन सरळ काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये जातं. चोवीस तास उत्तम, दुसऱ्या दिवशी चालण्यासारखं, त्यापुढे नको, कारण वास मरतो आणि शिळा कडवटपणा वर येतो. मग त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून निघणारं दुसरं डिकॉक्शन. एरवी ते दुपारच्या फिक्या कॉफीत खपतं किंवा पहिल्यात मिसळून पुरवठ्याला येतं. थंड कॉफी करणाऱ्या घरात त्याची खरी जागा बर्फाच्या ट्रेमध्ये आहे. त्याचे खडे करून ठेवले की वितळतं ते पाणी नसतं, फिकी का होईना, कॉफीच असते. पेल्याचं माप साधारण असं: ५० मिलि गार डिकॉक्शन, १२० मिलि गार दूध, चार खडे. काचेचा पेला घेतला तर रंगांचे थर दिसतात. पण चेन्नईच्या दमट हवेत पेल्याला बाहेरून इतका घाम सुटतो की टेबलावर तळं होतं. स्टीलचा टंबलर डबऱ्यात ठेवून दिला तर ते पाणी डबऱ्यात जमतं. डबऱ्याचा हा उपयोग कुणाच्या मनात असेल असं नाही, पण होतो खरा.

चिकोरीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण थंड कॉफीत तिची बाजू गरम कॉफीपेक्षा भक्कम आहे. चिकोरी हे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, आणि कॅफीन तिच्यात अजिबात नसतं. नियमाने ‘कॉफी-चिकोरी मिश्रणा’त कॉफी किमान ५१ टक्के हवी. चेन्नईच्या चांगल्या दुकानांत ८०:२० किंवा ७०:३० असं सांगून घेता येतं, किंवा अजिबात नको म्हणूनही. शुद्ध कॉफीचे अभिमानी चिकोरीला भेसळ म्हणतात. पण गारव्याने वास दबतो. गरम कॉफीचं निम्मं सुख वाफेबरोबर नाकात जातं, आणि पाच अंशांवर वाफ कुठली? तिथे उरतं ते जिभेवरचं वजन, गडद रंग आणि भाजक्या साखरेकडे झुकणारा कडवटपणा. चिकोरी नेमकं हेच देते, कारण तिच्यातला पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा बराच जास्त असतो आणि त्यामुळे डिकॉक्शन दाट होतं. दूध घालून थंड प्यायची असेल तर ८०:२० घ्यावी, असं माझं मत. काळी प्यायची असेल तर चिकोरी दूरच बरी.

मिश्रणातल्या दाण्यांचंही असंच. चेन्नईच्या दुकानात तीन नावं कानावर पडतात: पीबेरी, प्लँटेशन ए आणि रोबस्टा. पहिली दोन बहुधा अरेबिका जातीची. तिसरी स्वस्त, जास्त कडू आणि कॅफीनला जवळपास दुप्पट. पीबेरीचा तोरा मोठा आहे, पण तिचा नाजूक आंबटपणा गार दुधात कुठे जातो ते कळत नाही. गार दुधात रोबस्टा तग धरते. याचा सगळ्यात मोठा पुरावा व्हिएतनाम. तो देश प्रामुख्याने रोबस्टा पिकवतो, आणि तिथल्या घराघरांत पेल्यावर ठेवायच्या छोट्या फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेली काळी दाट कॉफी गोड कंडेन्स्ड मिल्कवर पडते, मग बर्फ. आपल्या फिल्टरचं आणि त्यांच्या फिल्टरचं तत्त्व एकच. चेन्नईत रोबस्टा जास्त असलेलं डिकॉक्शन, दोन चमचे मिल्कमेड आणि बर्फ एकत्र आले की सायगावची कॉफी अंगणात येते, विमानाचं तिकीट न काढता. यात आणखी एक सोय आहे. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी कमी, साखर आणि स्निग्धांश भरपूर, त्यामुळे पातळपणा, गोडी आणि दाटपणा या तिन्ही चिंता एका डब्यात मिटतात. साधं दूध वापरून इतकं भरीव काही करता आलेलं मी पाहिलेलं नाही.

गोडीची वेगळी कथा आहे. गार पदार्थात गोड कमी जाणवतं. वितळलेलं आइस्क्रीम चाखून पाहिलं की याची खात्री पटते. शिवाय साखर गार दुधात विरघळायला वेळ घेते आणि चमचाभर तरी तळाशी बसून राहते. म्हणून साखर नेहमी डिकॉक्शन गरम असतानाच त्यात विरघळवावी, किंवा समान मापाचं साखर-पाणी उकळून पाक करून ठेवावा. तमिळनाडूत आणखी एक वाट आहे, करुपट्टीची, म्हणजे ताडगुळाची. करुपट्टी कॉफीच्या टपऱ्या गेल्या काही वर्षांत रस्तोरस्ती दिसू लागल्या आहेत. तिथे ती गरम मिळते, पण माझ्या मते करुपट्टीचं खरं नातं थंड कॉफीशी आहे. गूळ गरम दुधात घातला की दूध फाटण्याची धास्ती असते. गार दुधात ती जवळपास नाही. शिवाय ताडगुळाला धुराची, मातकट अशी एक छटा असते, ती गारव्यातही मरत नाही. ताडगूळ थोड्या पाण्यात उकळून गाळून घ्यायचा, कारण त्यात कचरा आणि कधी कधी चक्क वाळू असते.

आता कोल्ड ब्रू. गेली काही वर्षं याचा बराच बोलबाला आहे: पाणी गरम करायचंच नाही, जाडसर पूड गार पाण्यात बारा-चौदा तास भिजवायची आणि गाळून घ्यायची. गरम पाण्याशिवाय कडवट आणि आंबट घटक कमी उतरतात, त्यामुळे कॉफी मऊ, गोडसर लागते. हे सगळं खरं आहे. पण ही पाककृती लिहिणारे ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनातली खोली २० अंशांची असते. चेन्नईत खोली रात्रीसुद्धा ३० च्या आसपास असते. त्या उबेत ओली पूड रात्रभर ठेवणं म्हणजे नको त्या जिवाणूंना मुक्कामाला बोलावणं. इथे भांडं सुरुवातीपासून फ्रीजमध्येच हवं आणि वेळ वाढवून १६ ते १८ तास. प्रमाण ६० ग्रॅम पुडीला अर्धा लिटर पाणी. आणि पूड फिल्टरची नको. ती इतकी बारीक असते की गाळताना चिखल होतो, कापडाची भोकं बुजतात. कॉफीच्या दुकानात दाणे डोळ्यांसमोर दळून मिळतात, तेव्हा रव्यापेक्षाही जाड दळायला सांगावं. दुकानदार हमखास म्हणतो, “सार, फिल्टरला हे चालणार नाही.” त्याला थंड पाण्यात भिजवण्याचं सांगितलं की तो क्षणभर आपल्याकडे बघतो आणि मुकाट्याने यंत्र सुरू करतो.

एवढी मेहनत घेऊन कोल्ड ब्रूमध्ये दूध घालू नये. तिचं सगळं वेगळेपण दुधात बुडतं. काळीच प्यावी, आणि दाणे चांगल्या डोंगरांतले घ्यावेत. कर्नाटक आणि केरळनंतर कॉफीत तमिळनाडूचाच क्रमांक लागतो. येरकाडच्या शेवरॉय टेकड्या, पळणी, निलगिरी, अनामलई इथली अरेबिका चेन्नईत सहज मिळते. काळ्या थंड कॉफीची दुसरी, मला अधिक पसंत पडलेली रीत जपानी: कागदी गाळणीतून थोड्या गरम पाण्यात दाट कॉफी थेट बर्फावर पाडायची. २० ग्रॅम पूड, १८० मिलि पाणी, खाली १२० ग्रॅम बर्फ. इथे बर्फाचं पाणी आधीच हिशेबात धरलेलं असतं आणि गरम पाण्याने उतरलेला वास झटकन गारव्यात अडकतो. आपला फिल्टर या कामाचा नाही, कारण त्याच्यातून थेंब खाली पडेपर्यंत तो कोमटच झालेला असतो. मोका पॉट, एरोप्रेस, घरगुती एस्प्रेसो यंत्र हे सगळं चालतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वापरावं. नसेल तर या कामासाठी विकत घेण्याची गरज नाही.

फेसाकडे वळलं की पात्रं बदलतात. इथे इन्स्टंट पूड, जिला फिल्टरवाले नाक मुरडतात, बाजी मारते. १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी जत्रेत नेसकॅफेच्या एका ग्रीक प्रतिनिधीला, दिमित्रिस वाकोन्दिओसला, कॉफी हवी होती पण गरम पाणी मिळेना. त्याने चॉकलेट पेयासाठी ठेवलेल्या शेकरमध्ये पूड, गार पाणी आणि बर्फ घालून हलवलं, आणि ग्रीसचं राष्ट्रीय म्हणावं असं फ्रापे जन्माला आलं. हे जमण्याचं कारण पुडीच्या घडणीत आहे. इन्स्टंट करताना कॉफीतलं तेल जवळपास सगळं मागे राहतं. तेल हा फेसाचा वैरी. ते नसलं की कॉफीतले चिकट घटक बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि तो टिकतो. आपलं डिकॉक्शन धातूच्या भोकांतून उतरतं, तेल आणि बारीक कण सोबत घेऊन. त्यामुळे ते कितीही घुसळलं तरी फेस येतो आणि बसतो. टंबलर-डबऱ्याच्या उंच धारेने गरम कॉफीवर जो फेस चढतो, तो बराचसा दुधाचा असतो.

घरी फ्रापे करायला दोन चमचे इन्स्टंट, चवीपुरती साखर, तीन मोठे चमचे गार पाणी. घट्ट झाकणाच्या बाटलीत अर्धा मिनिट जोरात हलवायचं. जुन्या हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटल्या दक्षिणेत घरोघरी लोणची-पापडांसाठी ठेवलेल्या असतात. रुंद तोंडाच्या त्या बाटलीइतकं चांगलं शेकर बाजारात शोधून सापडणार नाही. मग बर्फावर ओतून वरून पाणी आणि शेवटी थोडंसं दूध. २०२० च्या टाळेबंदीत ज्या डालगोना कॉफीने जगाला वेड लावलं, तिच्यातही तत्त्व हेच. पूड, साखर, गरम पाणी समान भागांत घेऊन पांढुरकं होईपर्यंत फेटायचं आणि गार दुधावर तरंगत ठेवायचं. आपल्याकडे हॉस्टेलमध्ये आणि लग्नाच्या मांडवात फेटलेली कॉफी कितीतरी आधीपासून होती. कोरियाने तिला नाव दिलं आणि फोटो काढायला शिकवलं. चवीचं सांगायचं तर वरचा गोळा कडू आणि अतिगोड, खालचं दूध फिकं, आणि ढवळलं की सगळी शोभा संपते. करून बघायची हौस असेल त्याने करावी. प्यायला मात्र फ्रापे सरस.

दुधाचा फेस हवा असेल तर चेन्नईची हवा आड येते, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दुधाचा फेस प्रथिनांवर उभा राहतो आणि चरबीमुळे पडतो. ही चरबी पूर्ण घट्ट असते तेव्हा कमी त्रास देते. गंमत अशी की साधारण २० ते ३५ अंशांच्या पट्ट्यात ती अर्धी घट्ट, अर्धी पातळ असते आणि बुडबुडे फोडण्यात सगळ्यात पटाईत. चेन्नईचं स्वयंपाकघर वर्षातले बरेच महिने नेमक्या त्याच पट्ट्यात असतं. ओट्यावर दहा मिनिटं राहिलेलं दूध मग कितीही घुसळा. दूध फ्रीजमधून काढून थेट भांड्यात, भांडंही आधी गार केलेलं, एवढी काळजी घेतली की त्याच दुधाचा फेस दुप्पट येतो. कुठलं दूध, हा पुढचा प्रश्न. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५, फुल क्रीममध्ये ६. तमिळनाडूतल्या ‘आविन’ दुधाच्या पिशव्यांच्या निळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांवरून चेन्नईकर हे ओळखत आले आहेत. सकाळच्या कॉफीला लोक नारिंगी पिशवीच आणतात. फेसाला मात्र निळी बरी, आणि आणखी कमी चरबीचं दूध मिळालं तर उत्तम.

पिशवीचं दूध तापवायची आपली सवय सुटत नाही, मग त्यावर साय धरते. ती तशीच मिक्सरमध्ये गेली की लोण्याचे बारीक कण तयार होतात, पेल्याच्या कडेला चिकटतात आणि ओठांना तुपकट लागतात. थंड कॉफीचा हा सगळ्यात सामान्य दोष. उपाय सोपा: गार दूध चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायचं. घुसळायला बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र पुरेसं आहे. फ्रेंच प्रेस असेल तर त्याचा दट्ट्या वीसेक वेळा वरखाली केला तरी काम होतं. ताकाची रवीही वापरून पाहावी, फक्त ताकाचा आंबटपणा लाकडात मुरलेला नसावा. फेस झाला की पेल्यात आधी बर्फ, मग डिकॉक्शन, मग दूध आणि सगळ्यात वर फेस चमच्याने ठेवायचा. ताकद डिकॉक्शनची, फेस दुधाचा. दोन्ही हवंच असेल तर ही तडजोड मला सगळ्यात पटते.

बाकीच्या प्रकारांवर फार रेंगाळत नाही. शहाळ्याच्या पाण्यात काळी कॉफी ओतण्याची टूम इकडे चांगली रुजली आहे. पोल्लाचीचं गोड शहाळं असेल आणि कॉफी आंबटसर असेल तर चव खरंच जमते; चिकोरीच्या डिकॉक्शनबरोबर मुळीच नाही. सोया किंवा ओटचं दूध गार कॉफीत गरम कॉफीपेक्षा कमी फाटतं. थंड कॉफी घटाघट पिऊन होते, गरम कॉफीसारखे फुंकर घालत घोट घेतले जात नाहीत, म्हणून रोबस्टा जास्त असलेले दोन पेले सलग रिचवले तर रात्री झोपेची आशा सोडावी.

पाण्याचं थोडं. चेन्नईच्या बऱ्याच इमारतींत बोअरचं जड पाणी येतं, म्हणून प्यायला कॅन किंवा आरओ. कॉफीसाठी कॅनचं पाणी बरं. आरओचं पाणी फारच पोकळ असेल तर डिकॉक्शन सपक उतरतं. बर्फालाही तेच पाणी वापरावं, आणि ट्रेवर झाकण हवंच. इथल्या फ्रीजमध्ये इडलीचं पीठ फुगत बसलेलं असतं. कढीपत्ता असतो, चिंचेचा कोळ असतो. उघड्या ट्रेमधला बर्फ हे सगळे वास निमूट गोळा करतो आणि वितळताना पेल्यात सोडतो.

तसंच मिक्सरच्या भांड्याचं. चेन्नईत ‘मिक्सी’चं लहान भांडं रोज सकाळी चटणीला लागतं आणि लसूण-हिंगाचा वास झाकणाच्या रबरी कडीत कायमचा बसतो. साबणाने धुतलं तरी जात नाही, सोडा लावला तरी गार दुधात तो पुन्हा वर येतो. कॉफीसाठी भांडं वेगळं ठेवणं जमत नसेल तर निदान झाकणाची ती रबरी कडी दुसरी आणून ठेवावी. भांड्यांच्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते. जाताना जुनी मापाला सोबत न्यावी.